घंटी वाजू नये म्हणून

रामाजी मास्तर गेले, त्याच वर्षी त्यांच्या घरचा फोनही मुका झाला. रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली, आणि गिरडच्या अलीकडच्या त्या खेड्यात उरलेल्या तीन फोनांसाठी ती पुन्हा जोडायला कोणी आलं नाही.

नंदिनी ही मास्तरांची एकुलती एक लेक. वर्ध्याला पिपरी मेघेत राहायची, तिथल्याच एका शाळेत शिकवायची. आईनं, जिजाबाईनं, आता आपल्याकडे यावं म्हणून तिनं खूप मनधरणी केली, पण बहात्तर वर्षांची म्हातारी ऐकेना. "तुह्या बापानं बांधलं घर हाय. मी जितीजागती असताना त्याले कुलूप काऊन लावू?" एवढंच तिचं म्हणणं.

मग नंदिनीनं तिला मोबाईल घेऊन दिला. पण जिजाबाईचे हात कापायचे. एक बटण दाबायला जावं तर अंगठ्याखाली तीन दाबली जायची. फोन आला की घाईघाईत लाल बटण दाबून ती तो बंद करायची आणि वर लेकीलाच म्हणायची, "तू बोलत काऊन नाई वं?" एकदा दोन दिवस फोन लागेना, तेव्हा नंदिनी धावत गावी गेली. मोबाईल तांदळाच्या डब्यात सापडला. उंदरानं कुरतडू नये म्हणून ठेवला होता.

शेवटी वर्ध्याच्या बाजारात तिला हवी ती वस्तू मिळाली. दिसायला अगदी जुन्या घरच्या फोनसारखी. तसाच जड रिसीव्हर, तशीच गुंडाळीची तार, बोराएवढाली बटणं. फक्त पोटात मोबाईलचं सिम, आत बॅटरी, आणि मागे बोटभर अँटेना. नंदिनीनं एक नंबरच्या बटणावर स्वतःचा नंबर भरून दिला. नुसतं एक दाबून धरायचं की नंदा बोलते. जिजाबाईला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून घंटी सगळ्यात मोठी करून ठेवली. ती वाजली की दोन घरं ओलांडून रुख्माबाईलाही कळायचं, नंदाताईचा फोन आला.

जिजाबाईनं तो फोन जुन्याच जागी ठेवला, पुढच्या खोलीत खाटेजवळच्या लाकडी फळीवर. वर विणलेला रुमाल टाकला. भिंतीतल्या बटणापासून चार्जिंगची वायर फोनपर्यंत येत होती. ती बोटानं दाखवून म्हातारी सगळ्यांना सांगायची, "याच्यातूनच बोलणं येते."

"आई, ते लाइटीची वायर हाय. फोनले तार नाईच. लाइट गेली तरी तो चालते. उचलून कुठीबी नेता येते."

"राहू दे बाई. बिनतारेचा फोन कसा बोलन?" म्हातारी हसायची. नंदिनीनं मग वाद घालणं सोडून दिलं.

एप्रिलातली गोष्ट, २००७ सालची. सकाळची शाळा होती, वार्षिक परीक्षा संपत आलेल्या. नंदिनी शिक्षकांच्या खोलीत सहावीचे पेपर तपासत बसली होती. समोर रीता मॅडम गुणांची यादी करत होत्या. साडेदहाच्या सुमारास नंदिनीचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, 'आई घर'.

आई आपणहून फोन करायची नाही. संध्याकाळी सातला लेकीचा फोन येतो, तेवढाच तिचा नेम.

"हं, आई?"

पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता, जवळचा आणि भरभर चाललेला. लांब कुठेतरी कुत्री भुंकत होती, थांबत नव्हती.

"आई, काय झालं? पडली का?"

"नंदा." आवाज इतका बारीक की नंदिनीनं दुसऱ्या कानात बोट घातलं. "हळू बोल. घरात बिबट हाय."

"काय हाय?"

"बिबट. कपाटाच्या मागं बसला हाय. मले त्याचं शेपूट दिसते."

नंदिनीच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. तिला वाटलं, आईचं डोकं फिरलं. वय झालं, एकटी राहते, भास होत असतील. "मांजर असंन, आई," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात तिनं तो आवाज ऐकला. भुंकणं नव्हे, ओरडणंही नव्हे. जाड लाकडावर करवत ओढावी तसा, घशाच्या खोलातून आलेला आवाज. एकदा आला, थांबला, पुन्हा आला. नंदिनीच्या हातातला लाल पेन टेबलावरून घरंगळत खाली पडला.

"ऐकलं?" आई म्हणाली.

"ऐकलं."

तुटक तुटक शब्दांत जिजाबाईनं सांगितलं ते असं. ती खाटेवर बसून तुरीची डाळ निवडत होती. पुढचं दार रोजच्यासारखं उघडं. गल्लीत कुत्र्यांचा एकदम कालवा झाला आणि पिवळं काहीतरी वाऱ्यासारखं दारातून आत शिरलं. तिची काठी दाराशी टेकवलेली होती, ती त्याच्या धक्क्यानं पार पलीकडे उडाली. जनावर खोलीभर एकदा फिरलं आणि दाराजवळच्या लोखंडी कपाटामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात घुसलं. कुत्री उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच भुंकत राहिली. अर्धं गाव मोहफुलं वेचायला रानात गेलेलं. गल्लीत माणूस नाही.

"तुह्या अन् त्याच्यात किती अंतर हाय, आई?"

"आठ-धा हात असंन. मी खाटेवर हावो. हालली नाई अजून."

नंदिनीचा पहिला विचार हा, की फोन ठेवावा आणि गावात कोणालातरी कळवावं. अंगठा लाल बटणावर गेलाही. आणि तसाच तिथे गोठला. हा फोन बंद झाला, तर त्या फोनवर दुसरा कोणाचाही फोन येऊ शकेल. हल्ली सिमकार्डावर गाण्यांच्या, बक्षिसांच्या जाहिरातींचे फोन दिवसातून दोनदा यायचे. आईनं चुकून रिसीव्हर नीट ठेवला आणि तसला एक फोन आला, तर ती घंटी वाजेल. दोन घरं ओलांडून जाणारी घंटी, बिबट्यापासून आठ हातांवर. नंदिनीनंच मोठी करून ठेवलेली.

"आई, फोन ठेवू नको," ती म्हणाली. "काई झालं तरी ठेवू नको. मी इथंच हावो."

तिनं समोरची एक उत्तरपत्रिका पालथी केली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आईच्या घरात बिबट शिरला आहे. आई आत आहे. तुमच्या मोबाईलवरून किसनरावांना फोन करा. वनखात्याला कळवायला सांगा. गोंगाट करू नका म्हणावं.' खाली नंबर लिहिला आणि कागद रीता मॅडमसमोर सरकवला. रीता मॅडमनं तो वाचला, नंदिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मोबाईल घेऊन बाहेर पळाल्या.

किसनराव म्हणजे रुख्माबाईचे यजमान. दोन घरं पलीकडे राहायचे, गावात किराणा दुकान होतं. त्या दिवशी ते दुकानातच होते, हे नशीब. रीता मॅडम परत आल्या आणि त्यांनी त्याच कागदावर लिहिलं, 'निघाले.'

"आई, किसनभाऊ येऊन राह्यले. घाबरू नको."

"मी कायले घाबरू? तूच कापून राह्यली." आणि थोड्या वेळानं, "नंदा, तो माह्याकडे पाहून राह्यला वं."

"तू त्याच्याकडे पाहू नको," नंदिनी म्हणाली. "डाळीकडे पाह्य."

पाच-सात मिनिटं अशीच गेली. मग त्या फोनमधून नंदिनीला दुसराच आवाज ऐकू यायला लागला. माणसांचा. आधी लांबून, मग जवळून. कोणीतरी ताट बडवत होतं. "हाकला रे! काठ्या आना!" किसनरावांनी गोंगाट करू नका म्हणून सांगितलं असेल किंवा नसेल, पण बिबट शिरला हे कळल्यावर गाव काही गप्प राहत नाही. रानातून माणसं धावत आली होती. त्या कालव्याबरोबर कपाटामागची ती करवत पुन्हा सुरू झाली, यावेळी मोठ्यानं. काहीतरी लोखंडी खणखणलं.

"तो उठला," जिजाबाई म्हणाली. आता मात्र तिचाही आवाज फाटला होता.

नंदिनीला कळलं, आता थांबण्यात अर्थ नाही. बाहेरची माणसं त्याला बाहेर पडू देणार नाहीत. तो आत फिरणार, आणि आत आई आहे. खाटेच्या उशाशीच स्वयंपाकखोलीचं दार होतं. धडधाकट माणसाला पाच पावलं. आईला काठी नव्हती आणि उजव्या गुडघ्यात जोर नव्हता.

"आई, ऊठ. भिंत धरून सैपाकखोलीत जा. दार लावून घे."

"अन् तू?"

"म्हणजे?"

"फोन इथं राह्यला त् तू कुठी राह्यशीन? मी तुले सोडून नाई जात."

"फोन सोबत घे."

"तार तुटन नं, बाई."

"तार वढून टाक, आई! मी सांगतो नं. त्याच्यात मी नाई. मी फोनात हावो. वढ आणि पाह्य, माहा आवाज येते का नाई."

मग खट्.

"नंदा?"

"हावो, आई. हे काय, हावो."

"हाय वं. खरंच हाय." त्या भयंकर घटकेतही जिजाबाईच्या आवाजात नवल होतं.

तिनं फोनचं खोकं काखेत धरलं असावं, रिसीव्हर खांद्यात. नंदिनीला पातळाची सळसळ ऐकू येत होती, खाटेचं करकरणं, मग अनवाणी तळव्यांचा जमिनीवरचा आवाज. "एक," आई पुटपुटली. "दोन." नंदिनी टेबलाची कड धरून उभी होती. रीता मॅडमनं तिचा दुसरा हात धरला होता, तो कोणी धरला आहे हे तिला जाणवतही नव्हतं. "तीन." बाहेर कोणीतरी फटाका लावला. धाडकन् आवाज झाला, डाळीचं स्टीलचं ताट जमिनीवर आपटून भोवऱ्यासारखं गिरगिरलं, आणि त्यावरून एक डरकाळी आली, अशी की नंदिनीनं मोबाईल कानापासून झटकन् दूर केला. पुन्हा कानाला लावला तेव्हा एक किंकाळी अर्धीच ऐकू आली.

मग काहीच नाही. फोन बंद झाला होता.

नंदिनी मोबाईलच्या पडद्याकडे पाहत राहिली. 'आई घर', अकरा मिनिटं, चाळीस सेकंद. रीता मॅडम म्हणत होत्या, "लाव ना, परत लाव." पण लावता येत नव्हता. आई आत पोचली असेल, दाराआड श्वास रोखून बसली असेल, तर घंटी वाजून त्याला कळेल ती कुठे आहे ते. आई पोचली नसेल, तर घंटी वाजून काय उपयोग? दोन्हीकडून एकच. तिनं मोबाईल मुठीत असा आवळला की बोटं पांढरी पडली.

शाळेची व्हॅन चालवणारा तानबा अंगणात गाडी पुसत होता. मुख्याध्यापकांनी लगेच गाडी नेऊ दिली. रीता मॅडमही बरोबर बसल्या. गाडी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. रीता मॅडम दर दोन मिनिटांनी किसनरावांचा नंबर लावत होत्या, आणि पलीकडून ती बाई दर वेळी त्याच गोड आवाजात सांगत होती की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. नंदिनीला तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

बाहेर ऊन भगभगत होतं. शेतं मोकळी, काळी, भेगाळलेली. नंदिनीच्या डोळ्यांपुढे मात्र ती एकच खोली होती. ती मनात आईला पुन्हा पुन्हा खाटेवरून उठवत होती, पुन्हा पुन्हा पाच पावलं चालवत होती, आणि दर वेळी आई तिसऱ्या पावलावर अडकत होती. मीच ऊठ म्हटलं, तिला वाटत होतं. तिथंच बसली असती गप्प, तर कदाचित तो आपोआप निघून गेला असता. मीच तिला फोन उचलायला लावला. हात मोकळे असते तर तिनं भिंत धरली असती.

जाम चौरस्त्याच्या पुढे एकदाचा फोन लागला. रीता मॅडमनं तो नंदिनीच्या कानाशी धरला. पलीकडे जत्रेसारखा गलका होता.

"किसनभाऊ, आई?"

"नंदाताई, आमी पुढचं दार वढून कडी लावून घेतली. जनावर आतच हाय. वनखात्याची गाडी आत्ता आली."

"आईचं काय?"

"मावशी आवाज नाई देऊन राह्यल्या," ते म्हणाले. "मागून लई हाका मारल्या. सैपाकखोलीचं मागचं दार आतून बंद हाय. खिडकीतून बी कोनी दिसत नाई."

"तुम्ही त्याला आईबरोबर कोंडलंत?" नंदिनी ओरडली. पण तोवर आवाज तुटला होता. तानबानं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

गावात पोचायला सव्वा वाजला. गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधलेली, तिच्या अलीकडे सगळं गाव. नंदिनीला पाहून लोकांनी वाट दिली आणि बोलणं एकदम थांबलं. रुख्माबाईनं तिला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली. नंदिनीला तिचा राग आला. अजून कोणी सांगितलंय का काही, मग रडता कशाला?

वनखात्याचे एक पोक्त अधिकारी, बबनराव त्यांचं नाव, घराच्या मागच्या अंगणात उभे होते. सोबत तीन वनरक्षक, काठ्या, जाळं. नंदिनी धावत मागच्या दाराकडे निघाली तशी त्यांनी तिला दंडाला धरून थांबवलं.

"बाई, दोन खोल्यांमधलं दार लागलं आहे की उघडं आहे, ते आम्हाला माहीत नाही. उघडं असेल, तर मागचं दार फोडणं म्हणजे त्याला चवताळवणं. आई आत असतील तर त्याच सापडतील. बेशुद्ध करणारी बंदूक नागपूरहून येते आहे. तोवर आई कोणत्या खोलीत आहेत, एवढं कळलं तरी पुरे."

नंदिनीनं स्वयंपाकखोलीच्या गजाच्या खिडकीकडे पाहिलं. उंचावरची, हातभर रुंद खिडकी. तिच्यातून समोरच्या मांडणीवरची पातेली दिसत होती. मधल्या दाराची भिंत दिसत नव्हती, जमीनही नाही. आतून काही आवाज येत नव्हता. करवतीसारखाही नाही आणि माणसाचाही नाही.

"फोन तिच्याजवळ होता," ती म्हणाली. "वाजवला तर कुठे वाजतो ते कळेल. पण घंटी फार मोठी आहे. तो तिच्याजवळ असला तर?"

बबनरावांनी विचार केला. माणूस घाईचा नव्हता. त्यांनी गल्लीतला गलका पूर्ण बंद करवला, एका वनरक्षकाला पुढच्या दाराशी, दुसऱ्याला खिडकीशी उभं केलं. "जनावर घाबरलेलं आहे. घंटीनं ते आणखी कोपऱ्यात जाईल, असं मला वाटतं. पण खात्री मी देत नाही, बाई. तुम्ही म्हणाल तर लावा."

म्हणजे ठरवायचं तिनंच. नंदिनीनं मोबाईल काढला. तिच्याही अंगठ्याखाली दोन-दोन बटणं दाबली जात होती. किसनराव जवळ उभे होते, मान खाली घालून. गावातली कुत्रीसुद्धा एव्हाना थकून सावलीला गेली होती.

तिनं बटण दाबलं.

दोन सेकंद, तीन सेकंद. मग घंटी वाजली. कर्कश, भरदुपारी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. खिडकीशी उभा असलेला वनरक्षक वळला आणि त्यानं बोटानं खाली दाखवलं. इथं. स्वयंपाकखोलीत. पण त्याबरोबरच भिंतीपलीकडून गुरगुरणंही आलं, आणि दारावर काहीतरी घासल्याचा आवाज. घंटी दुसऱ्यांदा वाजली. तिसऱ्यांदा वाजली. नंदिनीनं डोळे मिटून घेतले. चौथी घंटी अर्ध्यातच थांबली.

"नंदा?"

नंदिनीनं मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"नंदाच हाय का? इतक्या वेळ फोन काऊन नाई केला वं?" जिजाबाई कुजबुजली. "दार लावताना रिसीवर खोक्यावर आपटला अन् तुहा आवाज गेला. मले वाटलं, तार वढली म्हनून मेला हा."

"आई, तू कुठी हायेस?"

"दाराले पाठ लावून बसली हावो. कडी बसूनच नाई राह्यली, कुठीतरी अडकून राह्यली. म्हनून पाठ लावली. पाय उचलत नाई आता. तो त्या बाजूनं दाराले नाक लावते. मी वरडली असती त् त्याले समजलं असतं नं, म्हनून गप्प होती."

पावणेतीन तास. बहात्तर वर्षांची बाई, लाकडी दाराला पाठ देऊन, बोटभर फळीपलीकडे ते जनावर आणि मांडीवर तिच्या समजुतीनं मेलेला फोन.

आई काय म्हणते ते नंदिनीनं बबनरावांना सांगितलं. पुढचं सगळं भराभर झालं. एका वनरक्षकानं पुढच्या दारावर काठी आपटून बिबट्याचं लक्ष तिकडे वेधलं. दोघांनी मागच्या दाराच्या बिजागऱ्या पहारीनं उखडल्या. नंदिनी सगळा वेळ फोनवर आईशी बोलत होती: आवाज होईन, घाबरू नको, पाठ काढू नको, मी म्हणीन तेव्हाच काढ. दार बाजूला झालं तसा एकानं आत उडी घेऊन मधल्या दाराला खांदा लावला आणि दुसऱ्यानं जिजाबाईला लहान मुलासारखं उचलून बाहेर आणलं. तिच्या हातात रिसीव्हर तसाच होता. खोकं तारेला लोंबकळत मागे येत होतं.

मधल्या दारापाशी पत्र्याची पेटी आणि धान्याचं पिंप लावून त्यांनी ते पक्कं केलं. संध्याकाळी गल्ली रिकामी करून, लोकांना घराघरांत बसवून, बबनरावांनी लांबून दोरीनं पुढचं दार उघडवलं. बंदूक आली होती, पण तिची गरज पडली नाही. अर्ध्या तासानं तो बाहेर आला. नंदिनीनं किसनरावांच्या माडीवरून पाहिलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होता, हाडकुळा. उंबऱ्यावर थांबून त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि नाल्याकडच्या उतारावर दिसेनासा झाला. वनखात्याची माणसं मशाली घेऊन त्याच्या मागावर रानाच्या कडेपर्यंत गेली.

दिवसभर धीरानं बसलेली जिजाबाई रात्री रुख्माबाईच्या घरी चहाची कपबशी हातात धरू शकली नाही. बशी वाजायला लागली आणि थांबेना. नंदिनीनं ती काढून घेतली आणि आईला बशीनं चहा पाजला. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता. किसनराव दाराशी आले आणि चौकटीतच उभे राहिले.

"मावशी, माह्याकडून चूक झाली. मले वाटलं, दार बंद केलं त् पोराबाळाले त्रास नाई होनार. तुमी आत कुठी असान, हे..."

"बस किसन," जिजाबाई म्हणाली. "तू आला नसता त् अजून तिथंच बसली असती."

क्षमा करायची की नाही, हे नंदिनीचं अजून ठरलं नव्हतं, आणि आई तिच्याआधी ते करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई म्हणाली, "चाल, घर पाहून येऊ." रुख्माबाईची काठी घेऊन ती लंगडत निघाली. नंदिनी सोबत होती. दारापर्यंत गेली. आतून उग्र, ओला वास येत होता. कपाटामागच्या भिंतीवर ओरखडे होते, जमिनीवर डाळ सांडली होती. नंदिनीचे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. ती शिकलीसवरलेली बाई होती, घर रिकामं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. काल माणसं प्रत्येक कोपरा बॅटरीनं पाहून गेली होती. तरी तिला आत पाऊल टाकता येईना.

"थांब तू बाहीर," आई म्हणाली. "मी पाहून येतो."

"आई, नको जाऊ. चाल माह्यासोबत वर्ध्याले. आजच चाल. मी हात जोडतो."

जिजाबाईनं तिच्याकडे पाहिलं. नंदिनीला वाटलं, आता ती नेहमीचं बोलेल, कुलुपाचं आणि बापाच्या घराचं. पण म्हातारीनं काठी उंबऱ्यावर टेकवली.

"भेव मले बी लागते," ती म्हणाली. "पन आज नाई शिरली, त् मग कधीच नाई शिरनार. दार बसवेपरेंत रुख्माकडे निजतो. गुडघा बरा झाला की येतो तुह्याकडे, पंधरा दिवस. मंग पाहू."

आणि ती काठी टेकत आत गेली. नंदिनी उंबऱ्याशी उभी राहून तिच्या पावलांचा आवाज ऐकत होती. आधी पुढची खोली, मग स्वयंपाकखोली. मध्येच आवाज थांबला.

"आई!" नंदिनी ओरडली.

"हावो वं!" आतून उत्तर आलं. "केरसुनी पाहून राह्यली."